शेपटीवरचा लाल दिवा

सोमवार, ४ मार्च

या घरात माझं कोणी ऐकून घेत नाही आणि कामावरही घेणार नाहीत असं पहिल्याच दिवशी दिसलं, म्हणून लिहून ठेवतो. उद्या काही बिनसलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, तर माझी बाजू कुठेतरी असावी. सातवीपर्यंत शिकलोय. अक्षर बरं आहे.

आजपासून सुनेच्या हाताखाली कामाला लागलो. हे वाक्य लिहितानाच पेन अडलं.

विमान चालवायला शिकवतात ती शाळा. गावाबाहेर मोकळं रान, एक लांब धावपट्टी, पत्र्याची उंच शेड, तिला हँगर म्हणतात, आणि चार छोटी विमानं. आमच्या जुन्या दुकानात एखादं सहज मावलं असतं, पंख बाहेर राहिले असते एवढंच. सून तिथली मुख्य इंजिनियर. विमान उडायला ठीक आहे अशी तिची सही झाल्याशिवाय मालकालासुद्धा त्यात बसता येत नाही. घरात आधीच पुष्कळ मिजास होती, त्यात ही सही.

माझा जन्म बॅटऱ्यांत गेला. ट्रक, ट्रॅक्टर, पंप, सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडे यायच्या. डायनॅमो भरून द्यायचो. मग पाणी न घालायच्या बॅटऱ्या निघाल्या. संपली की फेकून द्यायची, नवी आणायची. दुकानाला कुलूप लागलं. विमानात अजून पाणी घालायची बॅटरी असते म्हणे. सुनेने मुलाकरवी विचारलं, "बाबा येतील का?" मुलाकरवी! आमच्या खोल्यांच्या मधे एक पडदा आहे फक्त, आणि तोही विरलेला.

पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "बॅटरीची खोली तुमची. तिथे कोणी ढवळाढवळ करणार नाही. संध्याकाळी विमानांच्या चाकांना ठोकळे लावायचे, काचेवर कापड टाकायचं, हेही तुमच्याकडे. फक्त एक. पुढच्या फळीवर डावीकडे लाल स्विच आहे, मास्टर. त्याला हात लावायचा नाही. तो उडवणाऱ्याचा, नाहीतर माझा."

"बरं," म्हटलं. लहान पोराला सुरीपासून लांब ठेवतात तसं.

बुधवार, ६ मार्च

इथे मला सगळे आजोबा म्हणतात. कोणाचा आजोबा? सून कशानेच हाक मारत नाही. घरात बाबा, इथे "ओ, जरा इकडे या." घरी मुलामार्फत विचारणा केली. उत्तर आलं की कामावर नाती नकोत, तिचा नियम आहे.

तिच्या हाताखाली एक मेकॅनिक आहे. डोक्यावर कायम तेलकट टोपी. काढली तर मेंदू सांडेल अशी भीती असावी. सगळे त्याला टोपीच म्हणतात, मीही. आज म्हणतो कसा, "आजोबा, हॉर्न शोधू नका, याला नसतो." आणि स्वतःच हसला. मीही सुनावलं, "अक्कलही नसते वाटतं इथे." तो आणखीनच हसला. अशा माणसांचं काय करायचं?

बॅटऱ्या मात्र चांगल्या आहेत. लहान, हलक्या, जेमतेम स्कूटरच्या वाटतात, पण झाकण उघडलं की तेच अॅसिड आणि तोच नाकात चढणारा वास. खोलीत गेलो की छातीवरचं ओझं उतरतं.

शुक्रवार, ८ मार्च

इथली माणसं किती बेफिकीर आहेत ते लिहायलाच हवं.

संध्याकाळी काचेवर कापड टाकायला विमानात वाकलो. पुढच्या फळीवर स्विचांची रांग आहे. सगळे खाली, म्हणजे बंद, आणि एक वर, म्हणजे चालू. चारही विमानांत तोच एक. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, मी चष्मा लावून वाचलं. शेपटीवर वर एक लाल दिवा आहे, लुकलुकणारा, त्याचा. विमान उभं, माणसं घरी, आणि दिव्याचा स्विच चालू!

घरी मी मोरीतला दिवा विसरलो तर सून ताबडतोब, "बाबा, दिवा राहिला." जेवून उठलो, "बाबा, दिवा." माझ्याच घरात मी चोरासारखा भिंत चाचपत हिंडतो. आणि इथे हिच्या राज्यात रोज चार दिवे तसेच!

चारही स्विच खाली केले. मास्टरला हात लावला नाही. हुकूम म्हणजे हुकूम. तसाही घरातला मेन स्विच कोणी रोज उठून पाडत नाही. मेन चालू राहतो, दिवे आपण बंद करतो. एवढं साधं आहे.

उद्यापासून रोज हे करायचं. कोणाला सांगणार नाही. सांगितलं की म्हणतील, आजोबा, तुम्हाला काय कळतं.

मंगळवार, १२ मार्च

व्हायचं तेच झालं. तीन नंबरच्या विमानाची बॅटरी सकाळी मेली होती. किल्ली फिरवली की नुसती टक्. मीच ती परवा चार्ज करून बसवली होती, प्रत्येक कप्पा तपासून. म्हणजे बोट कोणाकडे? बॅटरीवाल्याकडे.

विमान चालवायला शिकवणारी एक बाई आहे, केस बारीक कापलेली, तोंड फटकळ. ती आली आणि म्हणाली, "आजोबा, बॅटरी चार्ज केली होती की फक्त पुसली होती?"

"बाई," म्हटलं, "तुम्ही फ्रॉक घालत होतात तेव्हा मी बॅटऱ्या बांधत होतो."

"म्हणून तर विचारतेय," म्हणाली. सगळे फिदीफिदी.

सून विमानात डोकावली. मास्टर वर होता. "कोणीतरी रात्रभर चालू ठेवला," म्हणाली. मग टोपीला बाजूला नेऊन काही तरी बोलली. मी जवळ गेलो तशी गप्प झाली. मग दुसरी बॅटरी जोडली, स्टुलावर चढून शेपटीवरच्या दिव्याला हात लावून बघितलं, विमानातून टोपीने स्विच वर केला, दिवा लागला, दोघांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले. मेली बॅटरी आणि बघतात दिवा. पोट दुखतंय आणि चपला तपासतायत.

मग मला विचारते, "काल कापड टाकलंत तेव्हा फळीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती का? मास्टर चालू असला की आत एक भिंगरी फिरते, तिचा आवाज येतो."

"कसलीही शिट्टी नव्हती," म्हटलं. "माझे कान ठणठणीत आहेत."

"काय?" असं मी मधे दोनदा म्हणालो होतो असं टोपीचं म्हणणं आहे. खोटं.

दुपारी तिने शिकाऊ पोरांना वर्गात बसवून झापलं. मला बोलावलं नाही. आपण काय, अॅसिडवाले.

शनिवार, १६ मार्च

फाटकावर एक माणूस असतो, काचेच्या केबिनमध्ये. बोलायला बरा आहे, म्हणून जाता येता थांबतो. आज तो म्हणाला, "आजोबा, पूर्वी कोणी विसरलं ना, तर मला इथून दिसायचं. अंधारलं की शेपटीवर लाल लाल लुकलुक. मी फोन करायचो, टोपी शिव्या घालत धावत यायचा. हल्ली काहीच दिसत नाही."

मी त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं. उजव्यात पांढरट वाटलं. म्हटलं, "डोळे दाखवून घे बाबा. वेळेवर ऑपरेशन केलं तर दिसायला लागतं."

तो जरा रागावला. आपण भल्याचं सांगायला जावं तर हे असं.

मंगळवार, १९ मार्च

तीन नंबर पुन्हा मेली. गेल्या आठवड्यात दोन नंबर. सारखी तळापर्यंत रिकामी करून पुन्हा भरायची, पुन्हा रिकामी, याने बॅटरीच्या पत्र्यांचा जीव जातो. भरलेली दिसते, पण दम राहत नाही. म्हाताऱ्या माणसासारखं, सकाळी टवटवीत आणि जिना चढला की संपला. हे मी सुनेला सांगितलं. म्हणाली, "माहीत आहे. नवी मागवलीय." माहीत आहे! तिला सगळं आधीच माहीत असतं.

आता मला कळलंय हे कोणाचं काम आहे. शेवटी हँगरला कुलूप लावायचं काम टोपीचं. दारात उभा राहतो, बाहेर उभ्या विमानांकडे एक नजर टाकतो, शीळ घालतो आणि निघतो. एक नजर! जवळ जाऊन बघत नाही. काल तीन नंबरचा मास्टर वर होता, मी कापड टाकताना स्वतः बघितला. मी माझं काम केलं, लाल दिव्याचा स्विच खाली केला, मास्टर सोडला. तो टोपीने बघायचा. नाही बघितला.

मालक आले होते. जाडे, सावकाश बोलणारे, गाडीतून उतरायला त्यांना वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी गाठलं आणि सांगून टाकलं, "बॅटऱ्या मी मारत नाही. टोपी संध्याकाळी बघत नाही. मास्टर वर असतो आणि तो घरी."

मालक म्हणाले, "असं का?"

"असंच," म्हटलं.

बरं वाटलं. मग संध्याकाळभर वाईट वाटलं. मग आठवलं तो मला हॉर्नवरून काय बोलला होता. पुन्हा बरं वाटलं.

गुरुवार, २१ मार्च



सून म्हणाली, तीन नंबरचा आल्टरनेटर, म्हणजे विमानाचा डायनॅमो, बॅटरी नीट चार्ज करतोय की नाही ते वर जाऊन बघायचं. जमिनीवर काटा बरोबर दिसतो, हवेत काय होतं ते बघायला हवं. फटकळ बाई चालवणार, सून शेजारी बसून काट्याकडे बघणार. नवी बॅटरी अजून आली नाही, मी सकाळी जुनीच भरून दिली होती. तिने स्वतः तपासली, मान डोलावली. शाबास म्हटलं असतं तर जीभ झडली नसती.

विमान वर गेलं. आम्ही हँगरच्या दारात. टोपी रेडिओचा डबा घेऊन उभा होता, त्यातून त्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. सून म्हणाली, "काटा उलटा गेला. आल्टरनेटर बंद. परत येतोय." शांत आवाज, जसं काही घरी दूध संपलं सांगतेय. मग खरखर झाली. मग काहीच नाही.

टोपी डब्यात ओरडला. हलवून बघितला. काहीच नाही. म्हणाला, "बॅटरी गेली."

मी टोपीचा दंड धरला. आयुष्यात कितीतरी गाड्या बॅटरी गेल्यावर रस्त्यात मेलेल्या पाहिल्यात. पेट्रोलची गाडी, बॅटरी गेली की ठिणगी गेली, ठिणगी गेली की इंजिन गेलं. गाडी कडेला लावता येते. हिला कडेला कुठे लावणार?

"इंजिन बंद पडणार," म्हटलं. "पडणार ते! जाळी आणा, गाद्या आणा, काहीतरी आणा!"

"आजोबा, नाही पडत," टोपी म्हणाला. "याला दोन मॅग्नेटो असतात. इंजिन फिरतंय तोवर ते स्वतःची ठिणगी स्वतः काढतात. बॅटरीशी त्यांचा संबंध नाही. नुसता रेडिओ गेला, दिवे गेले, उतरताना वेग कमी करणारी पंखाची फळी खाली येणार नाही. बाकी विमान उडतंय."

मॅग्नेटो मला शिकवतोय! जुन्या पंपांना असायचे, दोरी ओढून चालू करायचे ते. मला माहीत आहेत. पण माहीत असणं वेगळं आणि सून वर असणं वेगळं. वर आवाज येत होता की नव्हता ते मला समजेना. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत होतो, "आवाज येतोय का? येतोय का अजून?" तो म्हणत होता, "येतोय आजोबा. येतोय."

धावपट्टीशेजारच्या मनोऱ्यातल्या माणसाने हिरवा दिवा दाखवला. रेडिओ बंद पडून कोणी आलं की उतरायला असाच इशारा देतात. विमान फार वेगात उतरलं, फळी खाली न आल्यामुळे, पट्टीच्या पार टोकाला जाऊन गवतात थांबलं. दोघी चालत आल्या.

सून माझ्यासमोरून गेली. मी म्हटलं, "बॅटरी मी भरून दिली होती."

म्हणाली, "तुम्हाला तेवढंच सुचतंय?"

मला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून ते निघालं.

शुक्रवार, २२ मार्च

आल्टरनेटरची एक बारीक तार तुटली होती. तुटते कधी कधी, म्हणाली. पण तसं झालं तर बॅटरीने घरी पोचेपर्यंत रेडिओ चालवायचा असतो, त्यासाठीच ती असते. हिने दोन वाक्यं चालवला. सारखी सारखी मरून तिच्यातला दम गेला होता. हे मी मंगळवारीच सांगितलं होतं, पण कोण ऐकतंय.

मालकांनी सगळ्यांना उभं केलं. "मास्टर संध्याकाळी कोण बघतं?"

"मी," टोपी म्हणाला. "रोज बघतो. दारातून. लाल दिवा नव्हता साहेब. शप्पथ. दिवा लुकलुकत असता तर मी गेलोच असतो."

"दिवा नव्हता आणि मास्टर चालू? भूत होतं का?" मालक म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग टोपीला म्हणाले, "मी पुढचं सांगेपर्यंत तू घरी बस."

टोपीने डोक्यावरची टोपी काढली. मेंदू वगैरे सांडला नाही, नुसतं टक्कल होतं, वर गोल लाल खूण. कपाट उघडून डबा आणि पाने घेतले. जाताना मला म्हणाला, "आजोबा, झालं समाधान?"

त्याला कोणी सांगितलं मी बोललो ते? मालकांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तो दिवा नव्हता, दिवा नव्हता असं का म्हणत होता ते कळलं नाही. दिव्याचा आणि याचा काय संबंध? घाबरला की माणूस काहीही बोलतो.

रविवार, २४ मार्च

लिहू की नको असं झालंय. लिहितो.

संध्याकाळी जेवणं झाली. मुलगा भांडी घासत होता. सून टेबलाशी बसून विमानाचा एक नकाशा बघत होती, तारांचा. मी हात पुसले, खोलीतून बाहेर पडलो, आणि सवयीने दिवा बंद केला.

अंधारातून आवाज आला, "मी इथे बसलेय, बाबा."

"मग सांगायचं," म्हटलं. "रोज तूच पाठीमागे लागतेस. दिवा, दिवा. आता केला बंद तर ओरडा."

 मी पुन्हा दिवा लावला. तिची बोटं नकाशावर तशीच होती आणि ती माझ्याकडे बघत होती. अशी कधी बघितली नव्हती.

"बाबा," म्हणाली, "विमानातलेही बंद करता?"

"करतो!" म्हटलं. ही संधी बरी सापडली होती. "रोज करतो. चारही विमानांत. तुमचे लोक शेपटीवरचा लाल दिवा रोज चालू ठेवून जातात, ठाऊक आहे? मी आल्यापासून एक दिवस नाही राहिला. कोणाला सांगितलं नाही. कौतुक नको मला."

मुलाच्या हातातलं पातेलं मोरीत पडलं.

सून कपाळाला हात लावून बसली. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती.

"तो स्विच आम्ही मुद्दाम कायम वर ठेवतो," म्हणाली. "मास्टर बंद असला की तो दिवा लागतच नाही. स्विच वर असो नाहीतर खाली, वीज खात नाही. पण कोणी मास्टर विसरलं की शेपटीवर लाल लुकलुकायला लागतं. दारातून दिसतं, रस्त्यावरून दिसतं, फाटकावरून दिसतं. मग कोणीतरी जाऊन मास्टर पाडतं. तोच आमचा पहारेकरी आहे. टोपी रोज दारातून तेच बघायचा. तुम्ही पहारेकऱ्याचे डोळे बांधलेत."

"मला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

"तू म्हणालीस मास्टरला हात लावू नको. वर असलेला मी स्वतः बघितला आणि तुझ्या हुकमाखातर सोडला!"

"वर आहे हे मला येऊन सांगायला हात लावावा लागत नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "मीही पहिल्या दिवशीच दाखवायला हवं होतं. स्विच खाली दिसला तेव्हा मला वाटलं पोरांचं काम. तुम्ही मनातच आला नाहीत. ते माझं. पण उद्या मी मालकांना सांगणार. टोपी विनाकारण घरी बसलाय. आज तुम्हाला आधी सांगतेय, एवढंच."

मुलगा म्हणाला, "अगं, पण बाबांना काढतील."

ती म्हणाली, "माहीत आहे."

तिला सगळं आधीच माहीत असतं.

आता पडून आहे आणि फाटकावरच्या माणसाचे डोळे आठवतायत. चांगले होते. पांढरं काही नव्हतं.

सोमवार, २५ मार्च

सून उठायच्या आत घरातून निघालो. तिच्या तोंडून गेलं असतं तर जन्मभर पडद्यामागून ऐकावं लागलं असतं.

आधी तीन नंबरजवळ गेलो. मास्टर खाली होता. लाल दिव्याचा स्विच वर केला, मागे जाऊन शेपटीकडे बघितलं. काही लागलं नाही. पुन्हा खाली केला, पुन्हा वर केला, पुन्हा बघितलं. काहीच नाही. बराच वेळ तिथे उभा होतो. एवढ्याशा गोष्टीने माझी जन्माची अक्कल उलटी करून टाकली. घरात मेन चालू नि दिवा बंद. इथे दिवा चालू नि मेन बंद. असं जग कोणी बांधलं?

मालक आले. गाडीतून उतरायला लागले.

"टोपीला बोलवा," म्हटलं. "दिवा मी बंद करायचो."

"कुठला दिवा?"

"त्याला तुम्ही विचारत होता ना, भूत होतं का? मीच तो. रोज संध्याकाळी स्विच खाली करायचो. म्हणून त्याला दिसला नाही. आणि तुमच्या इथे एक माणूस नाही जो नव्या माणसाला सांगेल की बाबा रे, याला हात लावू नको! फटकळ बाई बोलते खंडीभर, कामाचं एक वाक्य नाही. तुम्ही काही बिघडलं की येता, तेही गाडीतून उतरेपर्यंत अंधार पडतो."

मालकांचा एक पाय बाहेर, एक आत. तोंड लाल झालं. "आजोबा, उद्यापासून हँगरमध्ये पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकणार. टोपीला बोलवा."

"बोलावतो."

"आज बोलवा."

"बोलावतो म्हटलं ना!"

सून हँगरच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं असणार. मी बॅटरीच्या खोलीतून माझा चष्मा आणि जुना पंचा घेतला. अॅसिडची बाटली झाकून ठेवली. निघताना खोलीतला दिवा बंद केला. तो तरी बंद करायचाच असतो ना? तिथेही थांबून विचार करावा लागला.

बुधवार, ३ एप्रिल

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. छताकडे बघून काढले.

परवा मुलगा म्हणाला, फाटकावर दुपारनंतरच्या पाळीला माणूस हवाय. म्हटलं, मला कशाला सांगतोस? म्हणाला, मालकांनीच विचारलंय. मालक मला विचारतील? त्यांना दुसरं कोणी मिळालं नसेल. या पगारात कोण येणार, म्हणून माझी आठवण. मुलगा पडद्याकडे बघून हसत होता, त्याला हल्ली कशाचंही हसू येतं.

तर आता मी काचेच्या केबिनमध्ये बसतो. एक खुर्ची, एक फोन, आणि समोर सगळं रान उघडं. फाटकावरचा तो जुना माणूस आता पहिल्या पाळीला असतो, त्याने खुर्ची देताना विचारलं, "आजोबा, डोळे दाखवलेत का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. कान ठणठणीत असले तरी कधी कधी हे जमतं.

टोपी परत आलाय. काल सायकलवरून फाटकातून आत गेला. थांबला नाही. मीही मान वळवली नाही. थोडं पुढे जाऊन ओरडला, "बॅटरीत पाणी कुठपर्यंत घालायचं?" मी ओरडलो, "पत्रे बुडेपर्यंत! काठोकाठ नको, गाढवा!" एवढंच बोलणं झालं.

आज मात्र मजा झाली, म्हणून वही उघडली.

दिवस कलला होता. विमानं रांगेत उभी. आणि तीन नंबरच्या शेपटीवर लाल. मी चष्मा पुसला. पुन्हा लाल. लुकलुक, लुकलुक. मास्टर चालू राहिला होता!

फोन उचलला. पहिल्याच घंटीला घेतला गेला, जसा काही हातातच होता. इथून दिसत होतं, सून तीन नंबरच्या पंखाशी उभी, कानाला फोन. शेजारी टोपी. दोघंही फाटकाकडेच बघत होती.

"बोला, बाबा," म्हणाली.

कामाच्या वेळी! टोपीच्या देखत! नियम कुठे गेला म्हणून विचारणार होतो, पण आधी काम.

"तीन नंबरचा मास्टर चालू राहिलाय," म्हटलं. "शेपटीवर दिवा लागलाय. कोण गाढव आहे?"

 टोपीने पाठ फिरवली, त्याचे खांदे हलत होते. खोकला झाला असेल.

"अरेच्चा," सून म्हणाली. "मीच विसरले वाटतं. बरं झालं बघितलंत."

"बरं झालं काय? मी नसतो तर? पुन्हा बॅटरी मेली असती! मुख्य इंजिनियर म्हणवतेस आणि एक स्विच लक्षात राहत नाही? तू तिथेच उभी आहेस की! डोक्यावर लुकलुकतंय ते दिसत नाही?"

"खाली करते, बाबा."

ती आत वाकली. लाल विझलं. मी नीट खात्री केली, चष्मा काढून आणि लावून, दोन्ही तऱ्हांनी.

आता तिच्यावरच डोळा ठेवायला हवा. एवढी विसराळू पोर, आणि विमानावर सही हिची.